साडेचार तास, मध्यंतर नाही

२०१२ सालच्या जानेवारीत, २० ते २२ तारखेला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ या ऑपेराचे तीन खेळ झाले. संगीत फिलिप ग्लासचं, दिग्दर्शन आणि दृश्यरचना रॉबर्ट विल्सनची, नृत्यं लुसिंडा चाइल्ड्सची. चार अंक, त्यांच्या आगेमागे आणि मध्ये बसवलेले पाच छोटे प्रवेश, सगळं मिळून साडेचार तास आणि मध्यंतर नाही. गोष्ट अशी काही नाहीच. आगगाडी येते, कोर्ट भरतं, अंतराळयान दिसतं. आइन्स्टाइनसारखा दिसणारा एक व्हायोलिनवादक रंगमंच आणि वादक यांच्या मधोमध बसून वाजवत राहतो. पहिला प्रयोग १९७६ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्याँला झाला होता. ग्लास आणि विल्सन यांची मूळ मांडणी १९९२ नंतर रंगमंचावर आलेली नव्हती. ती पुन्हा उभी राहिली ती न्यूयॉर्कला नव्हे, लंडनलाही नव्हे, तर मिशिगन विद्यापीठाच्या आवारातल्या पॉवर सेंटर या साधारण तेराशे खुर्च्यांच्या थिएटरात. रीतसर पहिला खेळ मार्चमध्ये माँपेलियेला ठरला होता. त्यापुढे लंडन, टोरांटो, ब्रुकलिन, बर्कली. ॲन आर्बरचे तीन खेळ म्हणजे तिकीट लावून केलेल्या रंगीत तालमीच.

विद्यापीठाच्या प्रयोगशील संगीत-नृत्य-नाट्याच्या हंगामाबद्दल बोलताना लोक बहुधा निवडीचं कौतुक करतात. कसली कसली नावं आणलीत, कुठून शोधलीत वगैरे. पण यादीत नाव लिहायला फार हिंमत लागत नाही. हिंमत लागते ती रंगमंच रिकामा ठेवायला. मोठ्या शहरातल्या व्यावसायिक थिएटरला रोज रात्री खेळ हवा असतो, कारण भाडं आणि पगार रोज चढत असतात. विद्यापीठाचं थिएटर वर्षाच्या ठरावीक दिवसांत मोकळं असतं, आवारात राहायची सोय असते, हाताशी शिकाऊ मुलं असतात. ‘आइन्स्टाइन’ची मंडळी काही आठवडे तिथे मुक्काम ठोकून होती. विद्यापीठाने दिलं ते मुख्यतः हे. पैशांचा भार न्यूयॉर्क, लंडन, ॲम्स्टरडॅम, टोरांटो, बर्कली अशा बाकीच्या भागीदार संस्थांनीही उचलला होता.

एवढे आठवडे जातात कशात? मुख्यतः दिव्यांत. दिवे टांगणं हे एका-दोन दिवसांचं काम. मग एकेका दिव्याचा झोत हवा त्या जागी बांधायचा. शिडीवर एक माणूस, खाली दिग्दर्शक, आणि जिथे नट उभा राहणार तिथे त्याच्याऐवजी उभं केलेलं कुणीतरी. विल्सनच्या रंगमंचावर प्रकाश हेच पात्र असतं, त्यामुळे मिनिटभराच्या प्रवेशावर दुपार जाऊ शकते. शेवटच्या अंकात एक लांबलचक उजळ पट्टी आडवी पडलेली असते. ती अतिशय सावकाश एका टोकाने उचलली जाते, सरळ उभी होते आणि वर निघून जाते. रंगमंचावर दुसरं काहीच हलत नाही. अशी वस्तू दोन ठिकाणी टांगलेली असली तर दोन्ही दोऱ्यांचा वेग वेगळा ठेवावा लागतो, आणि त्यात जराशी उचकी बसली तरी ती शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. गर्दीच्या नेपथ्यात असल्या चुका खपून जातात. रिकाम्या मंचावर लपायला जागा नसते.

आपल्याकडच्या युवक महोत्सवांशी हे ताडून पाहावं. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटं आणि सेट लावायला-काढायला १० मिनिटं असतात. रिकाम्या मंचापासून रिकाम्या मंचापर्यंत घड्याळ चालू. त्यातून तयार झालेली पोरं सेट फिरवण्यात जगात कुणाला हार जाणार नाहीत. पण पंधरा मिनिटांत एकच पट्टी उभी करायची कल्पना त्या घड्याळात बसत नाही, म्हणून ती सुचतही नाही.

या ऑपेरातला गायकवृंद बराच वेळ इंग्रजी आकडे आणि पाश्चात्त्य सरगम गातो: एक दोन तीन चार, एक दोन तीन चार पाच सहा. मराठी श्रोत्याला हे तितकंसं विचित्र वाटू नये. ग्लास १९६५च्या सुमारास पॅरिसमध्ये एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत फ्रेंच वादकांना लिहून देत होता. मुंबईचे अल्लारखाँ त्याच्यावर सारखे वैतागत, कारण आघात चुकीच्या जागी पडत होते. शेवटी त्याने कागदावरच्या मात्रा-विभागांच्या उभ्या रेघा खोडून टाकल्या, तेव्हा छोट्या छोट्या गटांनी लय पुढे जाताना त्याला दिसली. दोनाचे, तिनाचे गट जोडत जायचे, एखादा वाढवायचा, एखादा गाळायचा. गायकांच्या दृष्टीने यातली अडचण पाठांतराची. शब्दांना अर्थ नसल्यामुळे विसरलं तर अर्थावरून परत येता येत नाही. एक आवर्तन जास्त झालं की वीस मिनिटांनी लक्षात येणार. त्यामुळे मोजणारा कुणीतरी ठरवून ठेवावा लागतो आणि पुढच्या तुकड्यात जायची खूण मान हलवून द्यावी लागते.

१९७६च्या नोव्हेंबरमध्ये हाच खेळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दोन रविवारी झाला. दोन्ही खेळ हाऊसफुल्ल, आणि दौरा संपला तेव्हा डोक्यावर लाख डॉलरच्या आसपासचं कर्ज. ग्लास पुन्हा टॅक्सी चालवायला लागला. सगळी तिकिटं विकूनही जो खेळ तोट्यात जातो, तो तिकीटविक्रीवर उभ्या असलेल्या माणसाने करूच नये, एवढाच त्याचा हिशेब.

ॲन आर्बरला हा हिशेब जमवणारी संस्था म्हणजे युनिव्हर्सिटी म्युझिकल सोसायटी. विद्यापीठाशी जोडलेली, पण स्वतंत्र. तिची सुरुवात १८७९ सालची, गावातल्या गाणाऱ्या मंडळींनी हँडेलचा ‘मसाया’ (धार्मिक समूहगानाची रचना) म्हणायला जमण्यापासून. ‘मसाया’ अजूनही डिसेंबरात होतो आणि गर्दी खेचतो. तो होतो हिल ऑडिटोरियममध्ये. ही १९१३ची, आल्बर्ट कानने बांधलेली इमारत. दुरुस्तीनंतर तिथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं बसतात. आतला आकार असा वक्र आहे की मंचावरचं बोलणं वरच्या गॅलरीतही पोचतं. गंमत म्हणजे अशा हॉलमध्ये एकट्या कंठाला जागा मिळते, पण तालवाद्यं मोठी असली की आवाज लगेच गढूळ होतो. पडदे, गालिचे लावून तो शोषावा लागतो.

विद्यापीठं नेहमीच उदार होती असं मात्र समजू नये. याच गावात १९६१ ते १९६६ या काळात ‘वन्स’ नावाचा नव्या संगीताचा महोत्सव भरायचा. रॉबर्ट ॲशली, गॉर्डन मुम्मा, रॉजर रेनॉल्ड्स यांच्यासारखे तरुण रचनाकार तो चालवत. त्यातले बरेचसे तिथल्याच संगीत विभागातून आलेले, पण विभागाने हात आखडता घेतला. सुरुवातीचे कार्यक्रम एका चर्चमध्ये झाले. आज त्याच महोत्सवावर प्रबंध लिहिले जातात. विद्यापीठांची ही सवय जुनी आहे.

नाच आणायचा तर आधी जमीन पाहावी लागते. काँक्रीटवर पातळ लाकूड ठोकलेल्या मंचावर आधुनिक नृत्याची मंडळी उभीच राहणार नाहीत. गुडघे आणि नडगी जातात. खाली रबर किंवा लाकडी पट्ट्यांवर तोललेली, किंचित दबणारी जमीन लागते, आणि तिच्यावर विनाइलचे पट्टे, दीड ते दोन मीटर रुंदीचे. हे पट्टे गुंडाळूनच यायला हवेत. घडी पडली की ती मोडत नाही. जानेवारीत मिशिगनमध्ये रात्रभर ट्रकमध्ये गारठलेले पट्टे आणून लगेच चिकटवले तर हॉल तापल्यावर ते फुगतात आणि दुसऱ्या अंकापर्यंत त्यावर लाटा उठतात. म्हणून आधी उलगडून काही तास तसेच पडू द्यायचे, मग मधल्या पट्ट्यापासून सुरू करून दोन्ही बाजूंना जायचं, आणि टेप लावताना ओढायचं नाही. शेवटी कोऱ्या पाण्याने पुसायचं. साबणाचा अंश राहिला की पाय सटकतो. अनवाणी नाचणाऱ्यांसाठी एक माणूस चुंबक आणि टॉर्च घेऊन फिरतो, कारण आधीच्या नाटकातली स्टेपलरची पिन हमखास कुठेतरी उरलेली असते.

कथकला हेच उलटं. विनाइलवर तत्कार, म्हणजे पायांच्या ठोक्यांचा आवाज, मरतो आणि घुंगरं त्यात अडकतात. उघडं लाकूड हवं, तेही दबणाऱ्या चौकटीवरचं, आणि पुढच्या कडेला जमिनीवर पसरलेले दोन-तीन चपटे मायक्रोफोन. कंपनीच्या तांत्रिक मागणीपत्रात नुसतं ‘डान्स फ्लोअर’ लिहिलेलं असलं की विनाइल अंथरून ठेवतात, आणि कलाकार दुपारी चारला येऊन ते उचलायला सांगतात. टेप काढल्यावर लाकडावर राहिलेला चिकटपणा घालवायला तास जातो. हे पत्र आलं की फोन करून विचारावं: बूट, घुंगरू की अनवाणी?

पूर्वी हे सगळं सोपं होतं, कारण काहीच नव्हतं. मर्स कनिंगहॅमची नृत्यमंडळी १९५०-६०च्या दशकांत एका फोक्सवॅगन मायक्रोबसमधून अमेरिकेतली कॉलेजं फिरायची. गाडीत मावतील तितकेच नर्तक, दोन वादक, आणि नेपथ्यापुरता एखादा चित्रकार. एक बस तर मंडळीतला संगीतकार जॉन केज याने इटलीच्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत अळंब्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन जिंकलेल्या पैशातून घेतली. कुठला नाच किती जणांचा, हे त्या काळी बसच्या सीटांवर ठरायचं.

केजचीच दुसरी देणगी म्हणजे सज्ज केलेला पियानो. १९४० मध्ये सिॲटलच्या कॉर्निश शाळेत सिव्हिला फोर्टच्या नृत्याला तालवाद्यवृंद हवा होता, पण मंचाजवळ जागा होती फक्त एका पियानोपुरती. म्हणून त्याने तारांमध्ये वस्तू खोचल्या. पुढे १९४६-४८च्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’मध्ये ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक बसवायचं आहे. सोबत तक्ता असतो: कुठल्या स्वराला काय, आणि डँपरपासून, म्हणजे तारेचा आवाज दाबणाऱ्या गादीपासून, किती इंच. हे काम दोन-तीन तासांचं. विद्यापीठाचा पियानो ट्यूनर ‘बोल्ट’ शब्द ऐकूनच नकार देतो. त्याच्याशी भांडू नये. मैफलीचा मुख्य पियानो द्यायचाच नाही, या कामापुरता दुसरा राखून ठेवायचा, आणि बसवणं ट्यूनरच्या समोर करायचं. हातात सुती मोजे, कारण घामाने तार गंजते. दोन तारा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने हळूच विलग करायच्या, वस्तू ठेवायची आणि पाचर सोडायची. बोल्ट घासत आत सरकवला तर तांब्याची गुंडाळी सोलवटते. बोल्ट सैल बसला तर तो तिसऱ्या सोनाटापर्यंत सरकत जाऊन खणखणायला लागतो. डावा पेडल दाबल्यावर हातोड्यांची रांग बाजूला सरकते आणि तीनऐवजी दोनच तारांवर पडते. त्याने स्वराचा आवाज पार बदलतो, हे केजने हिशेबात धरलेलं आहे. म्हणून पेडलची सरक किती आहे ते आधी तपासायचं. हा पियानो त्या संध्याकाळी दुसऱ्या कुठल्याच तुकड्याला वापरता येत नाही. कार्यक्रम आखताना नेमकं हेच विसरतात.

हिंदुस्थानी मैफल या हंगामांत आता नियमाने असते. झाकीर हुसेन यांचे ‘मास्टर्स ऑफ पर्कशन’चे दौरे विद्यापीठांच्याच सभागृहांतून वर्षानुवर्षं झाले, आणि डेट्रॉइट परिसरातली मराठी कुटुंबं अशा रात्री ॲन आर्बरकडे गाड्या काढतात. मंचाची तयारी छोटी वाटते पण चुका ठरलेल्या. तिथले प्लॅटफॉर्म ४ बाय ८ फुटांचे. सहा जोडले की १६ बाय १२ची बैठक होते, त्यात मागे दोन तंबोरे नीट बसतात. चारच जोडले तर तंबोरेवाल्या विद्यार्थिनीचा गुडघा कडेबाहेर जातो. उंची फूट-सव्वा फूट पुरे, आणि वयस्कर गवयासाठी पायरी. पोकळ प्लॅटफॉर्म डग्ग्याबरोबर घुमतो, म्हणून वर प्लाय, मग जाड गालिचा, मग चादर. चादर शेवटी. आधी अंथरली की हेडफोन लावलेला साऊंडवाला बूट घालून तिच्यावरून फिरून येतो.

खरा शत्रू हीटर. थंडीत आतली हवा इतकी कोरडी होते की चामडं आकसून तबला चढतो, तंबोऱ्याच्या खुंट्या सैल होऊन सुटायला लागतात आणि भोपळ्याला तडा जाण्याची भीती. मिरजेहून गेलेला तंबोरा हे सगळं विमानाच्या पोटातल्या थंडीनंतर सोसत असतो. वाद्यं आली की पेट्या लगेच उघडू नयेत. खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. ग्रीन रूममध्ये ह्युमिडिफायर लावून ओलावा ४०-५० टक्क्यांवर ठेवावा. मंचावर मात्र दिव्यांखाली तो पुन्हा उतरतो, म्हणून दिवे अर्धा तास आधी चालू करून तिथेच जुळवून घ्यायचं. ग्रीन रूममध्ये जुळवलेला तबला मंचावर पुन्हा जुळवावा लागतो आणि प्रेक्षकांना वाटतं हा विलंब चाललाय.

तारखांची गोष्ट निराळीच. ॲन आर्बरला शनिवार म्हणजे आधी फुटबॉल. मिशिगन स्टेडियममध्ये १,०७,६०१ लोक बसतात. घरच्या सामन्याच्या दिवशी गावात हॉटेलची खोली मिळत नाही, ट्रक थिएटरपर्यंत पोचत नाही, आणि सामना सुरू व्हायची वेळ टीव्हीवाल्यांच्या सोयीने अनेकदा जेमतेम आठवडा-पंधरवडा आधी कळते. त्यामुळे शरद ऋतूतले शनिवार मोकळे सोडून कंपनीला गुरुवार-शुक्रवार द्यायचा. एकट्या गावासाठी समुद्रापलीकडून कुणी येत नाही. शिकागो, अर्बाना, आयोवा सिटी, मिनियापोलिस यांच्याशी तारखा जुळवून दौरा बांधतात. शिकागो रस्त्याने चारेक तासांवर, पण तिथलं घड्याळ एक तास मागे. सकाळी आठला सामान उतरवायचं ठरलेलं असतं आणि कुणाच्या आठला हे लिहिलेलं नसतं. ट्रक शिकागोच्या आठला पोचतो, तोपर्यंत चार हमाल तासभर बसून राहतात, आणि त्या तासाचे पैसे द्यावे लागतात.

परदेशी मंडळी असतील तर व्हिसा. पारंपरिक कलांसाठी बहुधा पी-३. अर्ज आमंत्रण देणाऱ्याने किंवा एजंटने करायचा, प्रयोगाच्या वर्षभर आधीपासून करता येतो, सोबत कामगार संघटनेचं मतपत्र लागतं, आणि एका अर्जात जास्तीत जास्त २५ नावं. सव्वीसाव्या माणसासाठी दुसरा अर्ज आणि दुसरी फी. मुख्य गायकाला व्हिसा मिळतो आणि तबलजीची मुलाखत पुढे जाते, हे इतक्यांदा घडतं की अमेरिकेतच राहणाऱ्या एखाद्या साथीदाराची तारीख आधीच मागून ठेवलेली बरी. शिवाय परदेशी कलाकाराच्या मानधनातून ३० टक्के कर आधीच कापला जातो. कमी कापून घ्यायचा करार करायचा तर पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज पाहिजे. बरेच कलाकार पहिला चेक हातात आल्यावर हे ऐकतात.

आणि प्रेक्षक. ‘आइन्स्टाइन’च्या वेळी उठून बाहेर जायला आणि परत यायला मुभा असते. ऐकायला छान, पण थिएटर चालवणाऱ्याला घाम फोडणारी. प्रत्येक दार दर दहा मिनिटांनी उघडणार, बाहेरचा उजेड आत सांडणार, आणि परत आलेला माणूस अंधारात आपली खुर्ची शोधणार. दारांच्या आत दुसरा काळा पडदा टांगायचा, बिजागऱ्यांना तेल घालायचं, बाहेरचे दिवे मंद करायचे आणि परतणाऱ्यांना मागच्या दोन रिकाम्या रांगांत बसवायचं, अशी ती व्यवस्था. मुद्दाम दोन रांगा न विकता ठेवायच्या म्हणजे तिकीटखिडकीशी भांडण. पडद्यामागचंही गणित बदलतं. युनियनच्या बहुतेक करारांत पाच तासांच्या आत जेवणाची सुट्टी द्यावी लागते, नाहीतर वाढीव दर. प्रेक्षक शिरत असतानाच खेळ सुरू झालेला असतो, त्याआधी अर्धा-पाऊण तास मंडळी जागेवर हजर, म्हणजे साडेचार तासांचा खेळ सहज पाच ओलांडतो. विंगमध्ये आळीपाळीने सँडविच खाऊन येणाऱ्यांचं वेळापत्रक खेळाच्या संहितेइतकंच काटेकोर लिहिलेलं असतं.

वर्गातून पाठवलेली मुलं पहिल्या तासात जातात, तेही ठरलेलं. त्यांना निबंध लिहायचा असतो आणि तिकिटाचा तुकडा पुरावा म्हणून पुरतो. प्राध्यापकाने निबंधाचा प्रश्न शेवटच्या अंकावर काढला तर जागा भरलेल्या राहतात. असे प्राध्यापक कमी, पण संस्थेतल्या लोकांनी त्यांची नावं नीट टिपून ठेवलेली असतात.

या सगळ्या व्यवहारात एक दिरंगाई मला फार उपयोगाची वाटते. असे दौरे दीड-दोन वर्षं आधी ठरतात. एजंट आणि संस्था जानेवारीत न्यूयॉर्कच्या संमेलनात भेटतात, तेव्हा पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या हंगामाची बोलणी चालू असतात. म्हणजे या वर्षी एखादा प्रयोग कोसळला, सभागृह निम्मं रिकामं राहिलं, देणगीदाराचं तक्रारपत्र आलं, तरी पुढच्या वर्षाचे करार सह्या होऊन ठेवलेले असतात. संचालक मंडळाला घाबरायची इच्छा असते, पण घाबरून रद्द करायला काही हातात उरत नाही. रद्द केलं तर करारानुसार मानधनाचा मोठा भाग तरीही द्यावा लागतो. मग ते खेळ होतात, आणि त्यातलाच एखादा त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी जमवून जातो.